रनिंग बॅकसाठी कोणती कॉन्फरन्स? डॅलसच्या एका पालकांच्या प्रश्नाला उत्तर

डॅलसजवळ राहणाऱ्या एका मराठी पालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे चिरंजीव हायस्कूलच्या अकरावीत असून रनिंग बॅक म्हणून खेळतात आणि त्यांच्यापुढे तीन कॉलेजांचे प्रस्ताव आहेत. कॉन्फरन्स म्हणजे आपसांत सामने खेळणाऱ्या कॉलेजांचा गट. पहिला प्रस्ताव साउथईस्टर्न कॉन्फरन्समधल्या, म्हणजे एसईसीतल्या, एका मोठ्या संघाचा आहे, जिथे त्यांच्या आधीच चार रनिंग बॅक रांगेत आहेत. दुसरा बिग टेन या कॉन्फरन्समधल्या मधल्या फळीतल्या संघाचा आहे. तिसरा माउंटन वेस्ट या लहान कॉन्फरन्समधल्या एका कॉलेजचा असून तिथल्या प्रशिक्षकांनी पहिल्याच वर्षी खेळवण्याचा शब्द दिला आहे. मुलाला पुढे एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये, खेळायचे आहे, तेव्हा व्यावसायिक खेळासाठी रनिंग बॅकला सर्वांत चांगले तयार करणारी कॉन्फरन्स कोणती, असे वडिलांनी विचारले आहे.

ज्या वाचकांना अमेरिकन फुटबॉलची सवय नाही त्यांच्यासाठी एवढे सांगतो, की रनिंग बॅक म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या आणि चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या मागे किंवा बाजूला उभा राहणारा आणि त्याच्या हातून चेंडू घेऊन समोरच्या बचावफळीतून वाट काढत धावणारा खेळाडू. ही त्याच्या कामाची सगळ्यांना दिसणारी बाजू झाली. माझ्या उत्तराचा रोख मात्र मुख्यतः न दिसणाऱ्या बाजूवर आहे, कारण कॉलेजमध्ये नाव कमावलेली मुले एनएफएलमध्ये अडखळतात ती बहुतेक वेळा तिथेच.

मी हायस्कूलमध्ये आणि छोट्या कॉलेजांत रनिंग बॅकना शिकवले आहे, आणि अलीकडची वर्षे ड्राफ्टच्या, म्हणजे एनएफएलचे संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्या निवडीच्या, तयारीला लागलेल्या मुलांबरोबर काम करण्यात गेली आहेत. सगळ्या मोठ्या कॉन्फरन्समधली आणि काही अगदी लहान कॉलेजांतली मुले माझ्या हाताखालून गेल्यामुळे प्रश्न थोडा वेगळा मांडावासा वाटतो. एनएफएलच्या नियमानुसार हायस्कूल संपल्यावर तीन हंगाम उलटल्याशिवाय कोणालाही ड्राफ्टमध्ये उतरता येत नाही. ओहायो स्टेटच्या मॉरिस क्लॅरेटने या नियमाला न्यायालयात आव्हान दिले होते आणि २००४ मध्ये निकाल त्याच्या विरोधात गेला. म्हणजे ही किमान तीन वर्षे मुलाला कुठे ना कुठे काढायचीच आहेत. त्या काळात तो काय शिकेल आणि ते शिकताना त्याच्या शरीराची किती झीज होईल, या दोन गोष्टींचा मेळ कुठे चांगला बसतो, हे आपल्याला शोधायचे आहे.

कॉन्फरन्स ही मुळात कॉलेजांची संघटना आहे. ती वेळापत्रक ठरवते, दूरचित्रवाणीचे हक्क विकते, पैसा वाटून देते आणि पंच नेमते. चेंडू हातात आल्यावर पहिले पाऊल कोणत्या दिशेला टाकावे, हे शिकवणारा माणूस कॉलेजचा असतो: रनिंग बॅकचा स्वतंत्र प्रशिक्षक, आणि त्याच्या वर संपूर्ण आक्रमणाची आखणी करणारा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर. ‘बिग टेन म्हणजे दणकट धावण्याचा खेळ आणि बिग ट्वेल्व्ह म्हणजे चेंडू फेकण्याचा खेळ’ अशी जी ठोकळेबाज वाटणी लोकांच्या तोंडी आहे, ती पूर्वी बऱ्याच अंशी खरी होती. आज तिच्यावर विसंबून निर्णय घेणे धोक्याचे आहे. २०२४ मध्ये टेक्सस आणि ओक्लाहोमा एसईसीत गेले, लॉस एंजेलिसमधली दोन कॉलेजे, ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये आली, आणि पॅक-ट्वेल्व्हमध्ये तेव्हा दोनच संघ उरले. ज्या विस्कॉन्सिनकडे दोन दोन टाइट एंड आणि फुलबॅक, म्हणजे वाट मोकळी करून देणारे दणकट खेळाडू, लावून अंगावर धावून जाणारा संघ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पाहिले गेले, त्याच विस्कॉन्सिनने २०२३ मध्ये नव्या प्रशिक्षकांबरोबर फेकीचा, मोकळ्या मांडणीचा खेळ स्वीकारला आणि पुढच्या हंगामाच्या अखेरीस तो आखणारे कोऑर्डिनेटर पदावरून गेले. कॉन्फरन्स तीच, कॉलेज तेच, आणि रनिंग बॅकला मिळणारे शिक्षण मात्र दोन वर्षांत दोनदा बदलले.

तरीही कॉन्फरन्सला काहीच अर्थ नाही असे मी म्हणणार नाही, कारण ती मुलाला प्रतिस्पर्धी देते. एसईसीतल्या किंवा बिग टेनच्या वरच्या संघांच्या बचावफळीत असे अनेक खेळाडू असतात, जे पुढे एनएफएलमध्ये त्याच्यासमोर उभे राहणार आहेत. अशा फळीसमोर वाट उघडते आणि क्षणात बंद होते, त्यामुळे डोळ्यांना घाईची सवय लागते. रणजीत पाटा खेळपट्टीवर काढलेल्या धावा निवड समिती जशा थोड्या हातचे राखूनच मोजते, तसेच एनएफएलचे निरीक्षक कमकुवत प्रतिस्पर्ध्यांविरुद्धचे यार्ड मोजतात. बॉइझी स्टेटच्या ॲश्टन जेंटीचे उदाहरण ताजे आहे. माउंटन वेस्टमध्ये खेळून त्याने २०२४ मध्ये २,६०१ यार्ड काढले, बॅरी सँडर्सच्या १९८८ मधल्या २,६२८ यार्डांच्या विक्रमाच्या उंबरठ्यापर्यंत तो पोहोचला, आणि तरीही माझ्यासारख्या माणसांनी पुन्हा पुन्हा पाहिले ते दोन सामने होते. ओरेगनविरुद्ध त्याने २५ वेळा चेंडू घेऊन १९२ यार्ड आणि तीन टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेणे) काढले. पेन स्टेटविरुद्ध मात्र ३० वेळा चेंडू घेऊन त्याला १०४ यार्डच मिळाले. या दुसऱ्या सामन्यात एकेका यार्डासाठी त्याला जे झगडावे लागले, त्यातून मला एनएफएलमधल्या त्याच्या भवितव्याबद्दल अधिक कळले. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये रेडर्सनी त्याला सहाव्या क्रमांकावर घेतले.

यावरून लहान कॉन्फरन्समधला मुलगा नजरेआड राहतो ही भीती बरीचशी अनाठायी आहे, हेही लक्षात यावे. वॉल्टर पेटन जॅक्सन स्टेटमधून आला आणि १९७५ मध्ये चौथ्या क्रमांकावर निवडला गेला. ईस्ट कॅरोलायनाच्या ख्रिस जॉन्सनने २००९ मध्ये एनएफएलमध्ये २,००६ यार्ड काढले. टोलेडोचा करीम हंट तिसऱ्या फेरीत निवडला गेला आणि पहिल्याच वर्षी, २०१७ मध्ये, १,३२७ यार्डांसह संपूर्ण लीगमध्ये पहिला आला. ऑस्टिन एकलर तर कोलोरॅडोतल्या दुसऱ्या श्रेणीच्या एका कॉलेजात खेळत होता आणि त्याला ड्राफ्टमध्ये कोणी घेतलेच नव्हते. २०१९ मध्ये त्याने चार्जर्ससाठी ९२ झेल घेतले. निरीक्षक आज सगळीकडे पोहोचतात आणि प्रत्येक सामन्याचे चित्रण उपलब्ध असते. तुमचा मुलगा दिसेल. दिसल्यावर त्याच्या खेळात काय सापडेल, याची काळजी अधिक करायला हवी.

आता कॉलेजचा खेळ आणि एनएफएलचा खेळ यांत असलेल्या अशा एका फरकाकडे येतो, ज्याकडे पालकांचे सहसा लक्ष जात नाही. दोन्हीकडे मैदान १६० फूट रुंद असते. ज्या दोन हॅश रेषांच्या दरम्यान चेंडू ठेवून खेळ सुरू होतो, त्यांच्यातले अंतर मात्र कॉलेजमध्ये ४० फूट आणि एनएफएलमध्ये साडेअठरा फूट असते. कॉलेजमध्ये चेंडू एका हॅशवर असेल तर एका बाजूला ६० फूट आणि दुसऱ्या बाजूला तब्बल १०० फूट मैदान मोकळे मिळते. एनएफएलमध्ये हेच आकडे साधारण ७१ आणि ८९ फूट होतात. वेगवान मुलाला कॉलेजच्या त्या रुंद बाजूची चटक लागते. आतली वाट जरा दाटली की तो बाहेर वळतो, कडेने धावत सुटतो आणि वीस यार्ड घेऊन येतो, प्रेक्षक उभे राहतात, आणि प्रशिक्षकही काही बोलत नाहीत, कारण संघ जिंकत असतो. एनएफएलमध्ये ती जागा नसते आणि लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतले खेळाडू, त्याच्याइतकेच वेगवान असतात, त्यामुळे तेच वळण दोन यार्डांच्या नुकसानीत संपते. म्हणून मी एखाद्या मुलाचे चित्रण पाहतो तेव्हा रुंद बाजूला काढलेल्या मोठ्या धावा आधी बाजूला ठेवतो आणि गार्ड व टॅकल या पुढच्या फळीतल्या आपल्याच खेळाडूंच्या मधून काढलेल्या तीन-चार यार्डांच्या धावा एकामागून एक लावतो. त्याने ब्लॉक, म्हणजे सहकाऱ्यांनी केलेली प्रतिस्पर्ध्यांची अडवणूक, तयार होण्याची वाट पाहिली का, खांदे समोर ठेवले का, पहिला धक्का बसल्यावर पाय चालू राहिले का, हे मला त्यांत दिसते.

दुसरा फरक मांडणीचा आहे. बहुतेक कॉलेजे आज शॉटगनमधून खेळतात, म्हणजे क्वार्टरबॅक काही पावले मागे उभा असतो आणि रनिंग बॅक त्याच्या शेजारी. चेंडू बाजूने हातात येतो आणि धाव जवळजवळ उभ्याउभ्याच सुरू होते. शिवाय कॉलेजच्या नियमांत ऑफेन्सिव्ह लाइनच्या, म्हणजे आक्रमणाच्या पुढच्या फळीतल्या, खेळाडूंना फेकीच्या वेळी तीन यार्ड पुढे जाण्याची मुभा आहे, तर एनएफएलमध्ये एकच यार्ड. या सवलतीमुळे धाव की फेक हे क्वार्टरबॅकने आयत्या वेळी ठरवायच्या खेळी कॉलेजमध्ये फार फोफावल्या, आणि त्यांच्या धाकाने बचावफळी पसरलेली राहत असल्यामुळे रनिंग बॅकला समोर कमी माणसे मिळतात. एनएफएलही शॉटगन भरपूर वापरते, पण काइल शॅनाहन आणि शॉन मॅकव्हे यांच्या पठडीतले संघ क्वार्टरबॅकला सेंटरच्या, म्हणजे चेंडू मागे देणाऱ्या मधल्या खेळाडूच्या, पाठीशी उभे करून आउटसाइड झोन ही बाहेरच्या अंगाने जाणारी धाव खेळवतात. त्यात रनिंग बॅक साधारण सात यार्ड मागून वेग घेत येतो आणि तिसऱ्या पावलावर निर्णय घेतो. ज्या मुलाने हे कधी केलेलेच नाही, त्याला पावलांचा हा ताल अंगवळणी पडेपर्यंत वेळ जातो.

याचे उलटे उदाहरण मेल्विन गॉर्डनचे आहे. विस्कॉन्सिनमध्ये फुलबॅकच्या मागून धावत त्याने २०१४ मध्ये २,५८७ यार्ड काढले आणि चार्जर्सनी त्याला पहिल्या फेरीत घेतले. पहिल्या हंगामात त्याला एकही टचडाउन करता आले नाही. पुढच्या वर्षी संघाने विस्कॉन्सिनमधलाच त्याचा जुना सहकारी, फुलबॅक डेरेक वॉट, याला ड्राफ्टमधून आणले, आणि गॉर्डनने धावून दहा टचडाउन केले. बदल केवळ फुलबॅकमुळे झाला असे मी म्हणणार नाही, पण मुलगा ज्या मांडणीत वाढला तिचे आणि ज्या मांडणीत गेला तिचे नाते किती महत्त्वाचे असते, हे त्यातून दिसते. कॉलेज निवडताना म्हणूनच एकाच प्रकारच्या धावेवर पोसलेला संघ मला खटकतो. इनसाइड झोन, आउटसाइड झोन, आणि गार्डला ओढून नेणाऱ्या पॉवर व काउंटर या चारही प्रकारांत मुलाला खेळवणारा संघ शक्यतो पाहावा.

इथवरचा धागा एवढाच, की कॉन्फरन्स प्रतिस्पर्धी देते, मांडणी कॉलेज देते, आणि मांडणी बदलत राहते. आता ज्या कौशल्यावर माझा सर्वांत जास्त भर आहे, त्याकडे वळतो. ते कौशल्य म्हणजे पास प्रोटेक्शन, अर्थात क्वार्टरबॅक चेंडू फेकत असताना त्याच्यावर धावून येणाऱ्या माणसाला अडवणे.

२०१३ मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोसनी विस्कॉन्सिनच्या माँटी बॉलला दुसऱ्या फेरीत घेतले. कॉलेजमध्ये २०११ च्या एका हंगामात ३९ टचडाउन करून त्याने बॅरी सँडर्सच्या विक्रमाची बरोबरी केलेली होती. डेन्व्हरचा क्वार्टरबॅक तेव्हा पेटन मॅनिंग होता, वय ३७, मानेवर शस्त्रक्रिया झालेला, आणि त्याला सुरक्षित ठेवण्यावर सगळा हंगाम अवलंबून होता. सुरुवातीची जागा बॉलला मिळाली नाही. ती जुन्या नोशॉन मोरेनोने राखली, आणि त्यामागचे एक ठळक कारण हे होते, की ब्लिट्झ करून, म्हणजे बचावातून थेट क्वार्टरबॅकवर धावून, येणारा माणूस तो ओळखत होता आणि अडवत होता. मोरेनोने त्या वर्षी धावून हजारावर यार्ड आणि ६० झेल घेतले. मॅनिंगने ५५ टचडाउन फेकले. बॉल २०१५ च्या हंगामाआधीच संघाबाहेर गेला. चेंडू घेऊन धावण्यात तो कमी होता म्हणून हे घडले, असे मला वाटत नाही.

हे काम जवळून पाहिले म्हणजे ते इतके अवघड का, ते कळते. चेंडू सुटण्याआधी सेंटर हात दाखवून मधला लाइनबॅकर कोण ते सांगतो आणि त्यावरून लाइनचे खेळाडू डावीकडे सरकणार की उजवीकडे, हे ठरते. समजा ते डावीकडे सरकले, तर उजवीकडून येणारा मोकळा माणूस रनिंग बॅकचा. तो एक असेल, दोनही असतील. दोन आले तर आतल्या बाजूचा आधी घ्यायचा, कारण क्वार्टरबॅकपर्यंतची त्याची वाट जवळची असते. बाहेरचा क्वार्टरबॅकने पटकन चेंडू फेकून चुकवायचा. हे सगळे दीड-दोन सेकंदांत ओळखून, जेमतेम दोनशे पौंडांच्या मुलाने सव्वादोनशे-अडीचशे पौंडांच्या, धावत आलेल्या माणसाला थांबवायचे असते. नवखा मुलगा जागेवर उभा राहून त्याची वाट पाहतो, मग डोके खाली घालून झेपावतो, आणि समोरचा एक पाऊल बाजूला टाकून निघून जातो. मी शिकवतो ते असे, की चेंडू सुटताच पुढे चालून जा आणि शक्य तितक्या लाइनजवळ त्याला गाठ, म्हणजे त्याचा वेग पूर्ण भरायच्या आत धडक होते. कंबर त्याच्या कमरेपेक्षा खाली, हात त्याच्या बरगड्यांच्या आत, डोके वर, आणि धडकेनंतरही पाय बारीक पावलांनी चालू. यातले अर्धे तंत्र आहे आणि अर्धे ओळखणे, आणि ओळखणे हे फळ्यावर, चित्रणासमोर बसून शिकावे लागते.

कॉलेजमध्ये यासाठी वेळ अपुरा पडतो, आणि त्यात प्रशिक्षकांचा दोष आहे असे मी मानत नाही. कॉलेज खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या नियमांनुसार हंगामात खेळाडूकडून आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त सक्तीचा सराव घेता येत नाही, आणि त्यात सामना, व्यायाम, बैठका असे सगळे धरावे लागते. शनिवारचा सामना जिंकणे ही प्रशिक्षकाच्या नोकरीची अट असते. जिथे झटपट फेकी आणि खोट्या धावेच्या खेळी जास्त, तिथे रनिंग बॅकने हात पुढे करून चेंडू घेतल्याचे नाटक केले की त्याचे काम संपते. कित्येक संघ तिसऱ्या डाउनला, म्हणजे चार संधींपैकी तिसऱ्या आणि बहुधा फेकीच्या संधीला, त्याला बाहेर काढून दुसऱ्याच मुलाला आत पाठवतात. असा मुलगा तीन वर्षे हजारो यार्ड काढून माझ्याकडे येतो तेव्हा लाइनचे सरकणे म्हणजे काय, हे त्याला पहिल्यापासून सांगावे लागते, आणि ड्राफ्टला थोडेच महिने उरलेले असतात. अलाबामातल्या मोबील शहरी होणाऱ्या सीनियर बोल या ड्राफ्टआधीच्या प्रदर्शनी सामन्याच्या सराव सत्रांत रनिंग बॅक आणि लाइनबॅकर यांना समोरासमोर सोडतात, आणि तिथे हे उघडे पडते.

उलट बाजूला ओहायो स्टेटचा एझिकिएल एलियट पाहा. २०१४ च्या हंगामाच्या शेवटच्या तीन सामन्यांत त्याने ६९६ यार्ड काढले, हे सगळ्यांना आठवते. पण क्वार्टरबॅकपुढे उभे राहून तो ज्या आवडीने ब्लॉक करायचा, ते पाहून निरीक्षकांना खात्री पटली होती. चौथ्या क्रमांकावर निवडला जाऊन पहिल्याच वर्षी १,६३१ यार्डांसह तो लीगमध्ये पहिला आला. त्याच कॉलेजच्या ट्रेव्हिऑन हेंडरसनबद्दल २०२५ च्या ड्राफ्टआधी हीच गोष्ट बोलली जात होती. नोत्र दामचा कायरन विल्यम्स अंगाने लहान आणि वेगाने बेताचा, म्हणून पाचव्या फेरीपर्यंत थांबला, पण ब्लिट्झ अडवण्याच्या त्याच्या तयारीमुळे रॅम्सना त्याला मैदानावरून काढावे लागत नाही. आणि नोत्र दाम तर फुटबॉलमध्ये कोणत्याच कॉन्फरन्सचे पूर्ण सदस्य नाही.

झेल घेण्याबद्दल थोडक्यात सांगतो. बाजूला सरकून मिळालेला सोपा झेल कोणीही घेतो. एनएफएलला हवा असतो तो लाइनबॅकरला एकीकडे झुकवून दुसरीकडे तुटणारा, नीट शिकलेला रूट, म्हणजे झेल घेण्यासाठी ठरलेला धावमार्ग. स्टॅनफर्डच्या ख्रिश्चन मॅकॅफ्रीने २०१५ मध्ये धाव, झेल आणि किक परतवणे मिळून ३,८६४ यार्ड काढले, आणि हीच बहुविधता पुढे एनएफएलमध्ये २०१९ च्या ११६ झेलांत दिसली. दुसरीकडे विस्कॉन्सिनच्या जोनाथन टेलरला पहिल्या दोन हंगामांत प्रत्येकी आठच झेल मिळाले होते. तिसऱ्या हंगामात ते २६ झाले. ही क्षमता त्याच्यात होतीच, संघाने ती वापरायला उशीर केला.

आता शरीराच्या झिजेचा हिशेब. याच टेलरने तीन वर्षांत ९२६ वेळा चेंडू घेतला आणि ६,१७४ यार्ड काढले. तो दुसऱ्या फेरीत गेला आणि २०२१ मध्ये १,८११ यार्डांसह एनएफएलमध्ये पहिला आला. अलाबामाच्या डेरिक हेन्रीने २०१५ च्या एकाच हंगामात ३९५ वेळा चेंडू घेतला होता, आणि २०२४ मध्येही तो १,९२१ यार्ड काढत होता. म्हणजे जास्त भार उचललेला मुलगा लवकर संपतोच असा नियम नाही. हेन्रीची शरीरयष्टी मात्र हजारांत एखाद्याची असते. अलाबामाच्याच जॉश जेकब्सने तीन वर्षांत मिळून फक्त २५१ वेळा चेंडू घेतला, तरी तो पहिल्या फेरीत गेला आणि २०२२ मध्ये लीगमध्ये अव्वल ठरला. ॲल्विन कमारा अलाबामा सोडून एका ज्युनिअर कॉलेजमार्गे टेनेसीत आला, तिथे दोन वर्षांत जेमतेम २१० धावा आणि ७४ झेल एवढाच त्याचा हिशेब, आणि पहिल्याच वर्षी तो एनएफएलचा सर्वोत्तम नवा आक्रमक खेळाडू ठरला. तुमच्या चिरंजीवांना एसईसीत रांगेत थांबावे लागेल याची भीती वाटते, तिच्याकडे या उदाहरणांच्या उजेडात पाहावे.

मात्र त्याच अलाबामातून २०१२ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेलेला ट्रेंट रिचर्डसन तीनच हंगाम टिकला आणि प्रत्येक धावेमागे त्याची सरासरी ३.३ यार्ड राहिली. त्याचे जुने चित्रण पाहताना मला नेहमी जाणवते, की कॉलेजमध्ये त्याच्या पुढची लाइन इतकी भक्कम होती, की वाट शोधण्याची वेळ त्याच्यावर फारशी आलीच नाही. मोठ्या संघात मुलाचे कच्चे दुवे झाकले जातात.

आर्थिक बाजू पालकांनी डोळ्यांआड करू नये. २०२२ आणि २०२४ या दोन्ही वर्षी पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक गेला नाही. ड्राफ्टमध्ये निवडलेल्या नव्या खेळाडूचा पहिला करार चार वर्षांचा असतो आणि या जागेवरच्या बहुतेकांना मोठा पैसा देणारा दुसरा करार मिळतच नाही. म्हणून कॉलेजमध्ये चारशे धडका खाऊन मिळालेल्या टाळ्यांपेक्षा दुसऱ्या मुलाबरोबर वाटून घेतलेला हंगाम मला अधिक शहाणपणाचा वाटतो. ओहायो स्टेटने २०२४ मध्ये हेंडरसन आणि मिसिसिपीहून आलेला क्विनशॉन जडकिन्स यांना भार वाटून दिला, दोघांनीही हजार यार्ड ओलांडले, संघ राष्ट्रीय विजेता झाला, आणि दोघेही दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीलाच निवडले गेले.

आता तुमच्या तीन प्रस्तावांकडे येतो. मी तुमच्या मुलाला खेळताना पाहिलेले नाही, त्याचे वजन किती वाढेल हे आज कोणालाच सांगता येणार नाही, आणि कोणत्या कॉलेजकडून किती पैसे मिळणार आहेत हे तुम्ही लिहिलेले नाही. २०२५ च्या जुलैपासून कॉलेजे खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, तेव्हा तो भागही तुमच्या निर्णयात येणारच. या मर्यादेत सांगतो. प्रत्येक कॉलेजच्या भेटीत रनिंग बॅकच्या प्रशिक्षकांना एकटे गाठा आणि विचारा, की मागच्या हंगामात तिसऱ्या डाउनला तुमचा मुख्य रनिंग बॅक मैदानावर किती वेळ होता, आणि त्याचे ब्लॉक आम्हाला दाखवाल का. जे प्रशिक्षक लगेच संगणक उघडून चांगले-वाईट दोन्ही दाखवतात आणि वाईटात काय चुकले ते समजावतात, ते शिकवणारे आहेत. जे पुन्हा मोठ्या धावांच्या चित्रफितीकडे वळतात, त्यांच्याकडे शिकवण्यासारखे बहुधा तेवढेच आहे. ते प्रशिक्षक किती वर्षे तिथे आहेत आणि त्यांचा करार कधी संपतो, हेही संकोच न करता विचारा. खेळाडूला आता कॉलेज बदलणे सोपे झाले आहे, पण बदलल्यावर प्रोटेक्शनची नवी भाषा पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागते आणि त्यात शिकण्याचे एक वर्ष खर्ची पडते.

पहिल्याच वर्षी खेळवण्याच्या शब्दावर मी फार भरवसा ठेवणार नाही. तो प्रामाणिकपणे दिलेला असला तरी पुढच्या वर्षी दुसऱ्या कॉलेजातून एखादा तयार मुलगा आला की परिस्थिती बदलते. एसईसीचा प्रस्ताव, चार जण पुढे असतानाही, मी फेटाळणार नाही, पण पहिल्या दोन वर्षांत किक परतवण्याच्या किंवा तिसऱ्या डाउनच्या निमित्ताने मुलगा मैदानावर येईल असा ठोस आराखडा त्यांनी मांडला तरच. सगळे सारखेच असेल तर माझा कल बिग टेनच्या संघाकडे आहे, कारण मधल्या फळीतल्या संघात त्याला खेळायलाही मिळेल आणि दरवर्षी चार-पाच सामने अशा बचावफळ्यांसमोर होतील, जिथे त्याच्या उणिवा झाकल्या जाणार नाहीत. माउंटन वेस्टच्या प्रशिक्षकांनी ब्लॉकचे चित्रण सर्वांत मनापासून दाखवले, तर हा कल मी बदलेन.

आणखी एक काम याच उन्हाळ्यात करता येईल. हायस्कूलची मुले कॉलेजांना जी चित्रफीत पाठवतात, तिच्यात फक्त लांब धावा जोडलेल्या असतात. तुम्ही तिच्याबरोबर दुसरी, चार-पाच मिनिटांची फीत तयार करा, जिच्यात त्याने चेंडू नसताना काय केले तेवढेच असेल: ब्लिट्झ अडवलेले प्रसंग, फसलेलेही, आणि खोट्या धावेनंतर त्याने शोधलेला माणूस. अशी फीत पाठवणारे फार थोडे असतात, आणि ती पाहून कोणत्या कॉलेजचा प्रशिक्षक तुम्हाला नेमके कोणते प्रश्न विचारतो, ते लिहून ठेवा.